खांबेट्यांचा उपग्रह

गुरुदत्त खांबेटे मला पहिल्या भेटीतच आवडला नव्हता, आणि पुढे इतक्या वर्षांत मत बदलावं असं त्याने काही केलं नाही. त्याची बायको वासंती आमच्या शाळेत भूगोल शिकवायची, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी, आणि राहायलाही एकाच सोसायटीत. त्यामुळे त्याचं बरंचसं कर्तृत्व मला मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ऐकायला मिळालं, आणि उरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. डोंबिवलीत अजूनही त्याला 'सॅटेलाइटवाले खांबेटे' म्हणतात, आणि आदराने म्हणतात. म्हणून हे लिहायला बसले.

१९८३ साली तो कुवेतला गेला. रस्ते आणि पाइपलाइनी आखणाऱ्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर होता. इंजिनिअर लोक सकाळी यंत्रं घेऊन वाळवंटात जायचे, संध्याकाळी परत आणून द्यायचे. हा ती ताब्यात घेऊन कपाटाला कुलूप लावायचा. चांगलं काम होतं, त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण सुट्टीवर आला की गल्लीत तो सर्व्हे इंजिनिअर व्हायचा. सोसायटीच्या सत्यनारायणाला पांढरे बूट घालून यायचा आणि आमच्या खड्ड्यांकडे बघून मान हलवायचा. वासंतीला सगळं ठाऊक होतं. म्हणू दे, कुणाचं काय जातं, असं ती तेव्हा म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. वर्षातला एक महिना नवरा आणि अकरा महिने शाळा, असा तिचा संसार बरा चाललेला.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. कित्येक आठवडे खांबेट्याचा पत्ता नव्हता. वासंती रोज शाळेत यायची, फळ्यावर नकाशे काढायची, आणि मुलांनी कुवेत कुठे आहे विचारलं की खडूने दाखवायची. मग एक दिवस अम्मानहून आलेल्या विमानातून तो परतला. वाळलेला, दाढी वाढलेला. सगळी गल्ली त्याला बघायला गेली, मीही गेले.

त्याने हकिगत सांगितली. पळापळ सुरू झाली तेव्हा कंपनीचे साहेब आधीच निघून गेलेले. स्टोअरची किल्ली याच्याकडे. याने कपाट उघडलं आणि त्यातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात लहान वस्तू उचलली. ते एक नवंच आलेलं यंत्र होतं, विटेएवढं, वर आखूड अँटेना. दूध पावडरच्या मोठ्या डब्यात ते कोंबून त्याने वरून पावडर दाबून भरली. बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन आला. सरहद्दीवरच्या तंबूंमध्ये हजारो माणसं पडून होती. शेजारच्या तंबूतल्या एका केरळी बाईने डबा पाहिला आणि तान्ह्या मुलासाठी थोडी पावडर मागितली. याने तिला सांगितलं, दूध खराब झालंय.

हे आम्हाला कुणा दुसऱ्याकडून कळलं नाही. तो स्वतः सांगत होता, चहा पिता पिता, आपली हुशारी म्हणून. डबा उघडला असता तर सगळंच गेलं असतं, असं म्हणून त्याने ते यंत्र टीपॉयवर ठेवलं. दोघं-तिघं हसले. वासंती ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने वर पाहिलं नाही.

ते यंत्र म्हणजे जीपीएस. आता हा शब्द पेपरात येतो. तेव्हा डोंबिवलीत तो कुणीच ऐकला नव्हता, आणि खांबेट्याने नेमकी तीच गोष्ट हेरली. अमेरिकेने आकाशात सोडलेले उपग्रह सतत संदेश पाठवत असतात. तीन-चार उपग्रह एकदम सापडले की यंत्र हिशेब करून आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते अक्षांश-रेखांशांत सांगतं. बस, एवढंच. खांबेट्याला अक्षांश आडवे की रेखांश, हेही नक्की ठाऊक नव्हतं. ते त्याने वासंतीकडून शिकून घेतलं, स्वयंपाकघरात, ती भाजी चिरत असताना. दर वर्षी ती पाचवीच्या पोरांना जे शिकवायची तेच त्याला शिकवलं. मला म्हणाली, पोरांना लवकर समजतं.

नोकरी गेलेली. तिकडचा पैसा बुडालेला. नवी नोकरी शोधायची तर आधी आपण स्टोअरकीपर आहोत हे कागदावर लिहावं लागलं असतं. त्याऐवजी त्याने पत्रिकांचा धंदा काढला.

पत्रिका मांडायला जन्मवेळ लागते तसं जन्मस्थळही लागतं. ज्योतिषी पंचांगात ठाणे किंवा कल्याण बघतात आणि काम भागवतात. खांबेटे म्हणू लागला की इथेच घोटाळा आहे. मुलगी कल्याणात जन्मली म्हणजे कुठल्या कल्याणात? स्टेशनजवळच्या की खडकपाड्याच्या? ग्रह लाखो मैलांवर, त्यात अर्ध्या मैलाची चूक झाली तर मंगळ नको त्या घरात जाऊन बसायचा. उपग्रहाने जन्मस्थळ शुद्ध करून घ्या, मग बघा. हे ऐकून लोक हसतील असं मला वाटलेलं. पण आमच्याकडे बँकेतले अधिकारी आहेत, टेलिफोन खात्यातले इंजिनिअर आहेत, मुलींची लग्नं जमत नसलेले प्राध्यापक आहेत, आणि यंत्राला पडदा होता, पडद्यावर आकडे होते. एवढं त्यांना पुरलं.

एकदा एका बँक मॅनेजरच्या मुलीसाठी तो माझ्यासमोर कामाला लागलेला. मुलीची आई माझ्या ओळखीची, तिने मलाही सोबत नेलेलं. मुलीला कडक मंगळ. जन्म कल्याणातल्या एका सूतिकागृहातला, पण सूतिकागृह केव्हाच पडलेलं आणि त्या जागी चपलांचं दुकान झालेलं. खांबेटे त्या दुकानात बुटांच्या खोक्यांच्या मधोमध यंत्र धरून उभा राहिला. बाजूला मॅनेजर आणि त्यांची बायको हात जोडून. दुकानदार बिचारा गिऱ्हाईक थोपवून धरत होता. छताखाली यंत्राला काही मिळेना, म्हणून मग सगळे रस्त्यावर आले. तेव्हा सगळे उपग्रह वर सोडून झाले नव्हते, दिवसातले बरेच तास यंत्र नुसतंच शोधत बसायचं. खांबेट्याने त्याचाही उपयोग करून घेतला. उपग्रहांची वेळ असते, ती साधावी लागते, असं तो गंभीरपणे सांगायचा. मॅनेजरची बायको मला म्हणाली, बघा, विज्ञानालासुद्धा मुहूर्त लागतो.

मी घरी येऊन वासंतीला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तेव्हापासून ती त्याच्याविषयी कमी बोलू लागली.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमाराला आणखी एक गोष्ट झाली. खांबेटे गच्चीच्या कठड्यावर यंत्र ठेवून बॅटऱ्या तपासायचा. वासंती वाळवणं काढायला वर गेली की आकडे बघायची. आधी त्या कठड्यावर रोज जवळपास तोच आकडा यायचा. आता शेवटचे आकडे चाळवायला लागले. कठडा तोच, यंत्र तसंच, आणि थोड्या वेळाने बघावं तर आकडा दुसराच. तिने कागदावर गणित केलं, तर यंत्राच्या मते तासाभरात आमची गच्ची शेजारच्या बिल्डिंगवर जाऊन परत आलेली. तिने त्याला विचारलं.

"अगं, पृथ्वी फिरते," तो म्हणाला. "आकडा हलणारच."

हे त्याने भूगोलाच्या शिक्षिकेला सांगितलं.

खरं कारण आम्हाला बऱ्याच वर्षांनी एका मासिकात वाचायला मिळालं. ती व्यवस्था अमेरिकन लष्कराची. परक्यांना अचूक जागा कळू नये म्हणून ते संदेशांत मुद्दाम चूक मिसळायचे. आखाती युद्धात त्यांच्या स्वतःच्या सैनिकांकडेही साधी यंत्रं होती, म्हणून तेवढ्यापुरती ती चूक काढलेली, आणि युद्ध आटोपल्यावर परत घातली. म्हणजे खांबेट्याच्या हातातलं यंत्र आता कधी इकडे तर कधी तिकडे, शंभर-शंभर मीटरने खोटं बोलत होतं. कारण त्याला माहीत नव्हतं, पण आकडा हलतो हे माहीत होतं. त्यावर त्याने काढलेला उपाय एवढाच की आकडा एकदा दिसला की तो पटकन टिपायचा आणि यंत्र बंद करायचा.

पत्रिकांपर्यंत ठीक होतं. मंगळ इथे काय नि तिथे काय. पण पंचाण्णव-शहाण्णवला ठाण्याच्या आसपासच्या गावांमध्ये बिल्डर शिरले, आणि खांबेट्याने टेंभी नाक्याजवळ एका वकिलाच्या माडीखाली टेबल टाकलं. पाटीवर लिहिलं: उपग्रह भूमापन सल्लागार.

बाळकुमला खाडीच्या बाजूला एका कोळी कुटुंबाची जागा होती. थोरला भाऊ वारलेला, त्याची बायको दगडाबाई तिथे राहायची. धाकटा दीर दामाजी. दोघांच्या वाट्यांच्या मधे हद्दीचा दगड होता, दगडाबाईच्या सासऱ्याने बसवलेला. दामाजीने आपला वाटा हरिहरशेठ नावाच्या बिल्डरला विकला. हरिहरशेठला इमारतीसाठी आणखी रुंदी हवी होती, आणि ती दगडाबाईच्या अंगणात होती, जिथे ती बोंबील आणि जवळा सुकवायची. सरकारी मोजणी करून घ्यायची तर दगड होता तिथेच निघाला असता. म्हणून त्याने खांबेट्याला आणलं.

खांबेट्याने यंत्र एकदा दगडावर धरलं, आकडा टिपला, बंद केलं. आठवड्याने रंगीत नकाशा तयार झाला, खाली इंग्रजी शिक्का. नकाशाप्रमाणे खरी हद्द दगडाबाईच्या ओट्याला लागून जात होती. मग दगड एवढा लांब कसा? तर उपग्रह वरून बघतो, त्याला खोटं बोलता येत नाही. अर्थ उघड होता. दगडाबाईच्या नवऱ्याने जिवंतपणी दगड सरकवून भावाची जागा खाल्ली. खांबेट्याने हे दहा माणसांसमोर सांगितलं, आणि दामाजीने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग हरिहरशेठने सांगितलं की चोरीची केस करत नाही, बाईने फक्त जागा सोडल्याची सही करावी.

हे मला वासंतीने सांगितलं, आणि वासंतीला खांबेट्याने. त्याने जेवताना हे मजेत सांगितलेलं. बाई आधी खूप भांडली म्हणे, पण नवऱ्याचं नाव निघाल्यावर गप्प झाली आणि रडायला लागली. आता आठवड्याभरात अंगठा देईल. त्याने ताकाचा पेला पुढे केला. वासंतीने ताक वाढलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याशी हे बोलली तेव्हा तिचा डबा तसाच बंद होता. मला म्हणाली, रविवारी माझ्याबरोबर बाळकुमला चल. मी कशाला म्हणून विचारलं नाही.

रविवारी सकाळी खांबेटे कुठल्याशा मुंजीला गेलेला. वासंतीने यंत्र कपाटातून काढून शाळेच्या पिशवीत टाकलं. आम्ही ठाण्याला उतरलो आणि बाळकुमची बस पकडली. गावात दगडाबाईचं घर विचारलं तर लोकांनी आमच्या साड्यांकडे, पिशवीकडे पाहिलं आणि न बोलता बोट दाखवलं. बिल्डरच्या बाया आल्या असं त्यांना वाटलं असणार.

दगडाबाई अंगणात बसून जवळ्यातला केर निवडत होती. पन्नाशीची, काळीसावळी, रुंद खांद्यांची. आम्ही कोण, काय, असं काही न विचारता ती म्हणाली, अंगठा नाय देत, जा. वासंतीने पिशवीतून यंत्र काढलं. ते बघितल्याबरोबर बाई उठून उभी राहिली. तिने ते ओळखलेलं.

"ज्यांनी हे आणलेलं ते माझे यजमान," वासंती म्हणाली. "हे यंत्र कसं चालतं ते मला तुम्हाला दाखवायचंय. दामाजींनाही बोलवा."

बाईने शेजारणीला दामाजीकडे धाडलं. दामाजी आला, त्याच्यामागे आणखी सात-आठ माणसं आली. वासंतीने हद्दीच्या दगडावर रुमाल पसरला, त्यावर यंत्र ठेवलं आणि चालू केलं.

उपग्रह सापडेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे. दगडाबाई खाली बसून पुन्हा जवळा निवडायला लागली. शेवटी पडद्यावर आकडे उमटले. वासंतीने दामाजीला ते मोठ्याने वाचायला सांगितले. तो चौथी शिकलेला, इंग्रजी आकडे त्याला येत होते. त्याने वाचले, मी मागच्या भिंतीवर कोळशाने लिहिले. वासंती म्हणाली, आता कुणी यंत्राला हात लावायचा नाही. थोडं थांबायचं.

थांबलो. दामाजीने पुन्हा वाचले. आकडे वेगळे होते. त्याला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून त्याने दुसऱ्या एकाला वाचायला लावलं. तेही वेगळेच. मी ते पहिल्यांच्या खाली लिहिले. असं चार-पाचदा झालं. प्रत्येक वेळी वासंती कागदावर गणित करायची आणि हात करून दाखवायची, आता यंत्राच्या मते हा दगड त्या शेवग्यापाशी आहे. आता रस्त्यापलीकडे. माणसं तिच्या हाताच्या दिशेने बघायची आणि परत दगडाकडे. शेवटी ती दामाजीला म्हणाली, आता देवळापर्यंत चालत जा. तो गेला. देवळाच्या पायरीवर उभा राहून त्याने आमच्याकडे तोंड केलं.

"या यंत्राच्या मते तुमचा दगड आता तिथे आहे, जिथे दामाजी उभे आहेत," वासंती म्हणाली. "आणि दगड तर इथेच आहे. याच्यावरून हद्द ठरत नाही. सरकारी मोजणी मागा."

लोक कुजबुजले, एक-दोघं हसलेही. दामाजी परत येऊन लांबच उभा राहिला. दगडाबाई मात्र हसली नाही. तिने पदराला हात पुसले आणि वासंतीच्या समोर आली.

"मंग माज्या मालकाला चोर कोन बोलला?"

"माझे यजमान."

"त्याला आन इकरं. दहा मानसात बोलला ना? तं दहा मानसात तोंडानं बोलू दे, चुकला म्हून."

वासंती म्हणाली, तो येणार नाही.

रागाने नाही, एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं बाईने विचारलं, "आनि तू त्याचे घरान ऱ्हातेस?"

वासंतीने यंत्र उचललं, रुमालाची घडी केली. कुणी आमचे आभार मानले नाहीत, चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. बसस्टॉपवर ती एवढंच म्हणाली की मघाचा प्रश्न आपल्याला कुणी आधी का विचारला नाही.

घरी खांबेटे मुंजीहून आलेला आणि रिकाम्या कपाटासमोर बसलेला. वासंतीने त्याला सगळं सांगितलं. कुठे गेले, काय केलं, बाई काय म्हणाली, काही झाकलं नाही. तो ओरडेल, निदान शरमेने लाल तरी होईल, अशी तिची अपेक्षा होती. त्याने यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "उन्हात ठेवलंस? आणि बॅटऱ्या संपवल्यास सगळ्या."

ती म्हणायची, त्याने मारलं असतं तर कदाचित मी राहिलेसुद्धा असते, रागावून, भांडून. पण बॅटऱ्या म्हटल्यावर मला त्याच्याशी भांडावंसंही वाटलं नाही. त्याच आठवड्यात ती ठाकुर्लीला तिच्या आईच्या रिकाम्या खोलीत राहायला गेली. दोन पातेली, कपडे आणि पृथ्वीचा गोल घेऊन. शाळेत तिने कुणाला सांगितलं नाही. ठाकुर्लीहून शाळा जरा लांब पडते, एवढाच फरक.

बाळकुमला सरकारी मोजणी झाली. दगड होता तिथेच बरोबर होता. हरिहरशेठला आपली भिंत दगडाबाईच्या अंगणापाशी वाकडी करून घ्यावी लागली. पण खांबेट्याला त्याने एका शब्दाने दुखावलं नाही. कशाला दुखावेल? त्याच रंगीत नकाशांना घाबरून गावातल्या आणखी काही जणांनी मुकाट सह्या केलेल्या, आणि त्यांच्या घरी कुणी वासंती गेली नव्हती. इमारत उभी राहिली तेव्हा शेठने खांबेट्याला तिच्यात पहिल्या मजल्यावर फ्लॅट दिला. कामाचा मोबदला म्हणून. तो तिकडे राहायला गेला.

तोवर मोबाइल आलेले. खांबेट्याने पट्ट्याला पाकीट लावून त्यात मोबाइल अडकवला आणि नवं दुकान उघडलं. मोबाइल ज्या टॉवरवर बोलतो त्या टॉवरला फोन आपल्या हद्दीत आहे हे कळतं, ही गोष्ट खरी. त्याच्या फोनच्या पडद्यावर टॉवरच्या भागाचं नावही उमटायचं, नौपाडा, कळवा असं. तो ते सगळ्यांना दाखवायचा. पण दुसऱ्याचा फोन कुठे आहे हे कंपनीशिवाय कुणाला कळत नाही, आणि कंपनी खांबेट्याला कशाला सांगेल? तरीही वयात आलेल्या मुलांचे बाप त्याच्याकडे येऊ लागले. मुलगा कॉलेजच्या नावाखाली कुठे जातो, मुलगी कुणाबरोबर फिरते. हा नंबर लिहून घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि दोन दिवसांनी सांगायचा, तलावपाळीला होता. ठाण्यातली तरुण मुलं संध्याकाळी तलावपाळीलाच असतात, हे सांगायला उपग्रह लागत नाही. एका मुलीला तेवढ्यावरून बापाने घरात कोंडलं. ती आमच्याच शाळेतून गेलेली, त्या दिवशी ती खरोखरच परीक्षेला बसलेली होती. पुढे निकाल लागला तेव्हा बापाला कळलं. त्याने खांबेट्याला जाब विचारला नाही. मशीनची एखादी चूक व्हायचीच, असं तो मलाच म्हणाला.

नव्याण्णव साली डोंबिवलीच्या एका मंडळाने खांबेट्याचं व्याख्यान ठेवलं, उपग्रह आणि आपण. शाल, श्रीफळ. मी मुद्दाम गेले. तो चांगला बोलला. कुवेतच्या सुटकेची हकिगतही सांगितली. दुधाचा डबा आला, पण केरळी बाई आता गोष्टीत नव्हती. तिच्या जागी इराकी सैनिक होता, डबा उघडायला सांगणारा. टाळ्या पडल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला डोंबिवलीचं भूषण म्हटलं, आणि शेजारच्या बाईंनी मला विचारलं, हे लग्नाच्या पत्रिका अजून बघतात का हो?

आता मी कायस्थ, सुक्या मासळीशिवाय आमचं भागत नाही, त्यामुळे सोडे आणि सुकटीसाठी मला दर उन्हाळ्यात चांगलं माणूस लागतं. त्या रविवारनंतर मी दगडाबाईकडूनच घेते. पहिल्या वर्षी ती माझ्याशी भाव सोडून काही बोलली नाही, दुसऱ्या वर्षी बसायला पाट दिला. व्याख्यानानंतरच्या मे महिन्यात मी गेले तर ती भलतीच खुशीत दिसली. वाकड्या भिंतीकडे बोट करून तिने मला गोष्ट सांगितली.

इमारतीतल्या लोकांनी बोंबलांच्या वासाची तक्रार केलेली, आणि तक्रारीवर पहिली सही पहिल्या मजल्यावरच्या माणसाची. वॉचमन ती घेऊन दगडाबाईकडे आला. तिने नाव विचारलं. खांबेटे म्हटल्यावर ती हातातली टोपली खाली ठेवून फाटकापाशी गेली आणि वॉचमनला म्हणाली, त्याला खाली बोलाव. तीन वर्षांपूर्वीचं त्याचं माझ्याकडे एक बोलणं राहिलंय.

वॉचमन वर जायला तयार नव्हता. त्याने केबिनमधल्या फोनवरून खांबेट्याच्या मोबाइलला फोन लावला आणि सांगितलं, साहेब, शेजारची बाई आलीय, दगडवाली. वर खिडकी उघडी होती, मे महिना होता. खिडकीतून खांबेट्याचा आवाज आला, "तिला सांग मी कल्याणला आहे." आणि फोनमधूनही तोच आवाज, तेच वाक्य, जरा मागून.

वॉचमनने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि वर पाहिलं. दगडाबाईनेही वर पाहिलं. खिडकी लागली.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करू?" ती म्हणाली. "असल्या मानसाची माफी घेऊन मी ती ठेवू कुटं?"

तिने मला सोडे बांधून दिले आणि वर मूठभर जवळा घातला. संध्याकाळी मी ठाकुर्लीला उतरून वासंतीकडे गेले आणि तिला हे सगळं सांगितलं. ती वार्षिक परीक्षेचे उरलेले पेपर तपासत होती. एका पोराने भारताच्या नकाशात मुंबई अरबी समुद्रात दाखवलेली. तिने लाल पेनाने ती उचलून किनाऱ्यावर आणली, अर्धा मार्क दिला आणि पुढचा पेपर घेतला.